आधी जीभ, मग वाडगा

आमच्या गल्लीत लानताईंना जीभ काढून दाखवली नाही असा एक माणूस आणा, मी माझा पेपरचा स्टॉल त्याच्या नावावर करून देतो. बीटवरचा हवालदार असो, बँकेतला टायवाला साहेब असो नाहीतर फुलबाजारातल्या तोंडाळ बायका असोत, काढा हवा असेल तर त्या तांब्याच्या भल्यामोठ्या पिंपासमोर उभं राहायचं, आ करायचा आणि जीभ बाहेर काढायची. लानताई एप्रनच्या खिशातून बारकी बॅटरी काढणार, डोळे बारीक करून बघणार आणि मगच ठरवणार तुम्हाला काय द्यायचं ते. मागाल ते मिळेल याची खात्री नाही. चोवीस मुळ्यांचा कडू काढा मागायला आलेला माणूस शेवंतीच्या फुलांचं गोड पाणी पिऊन जायचा, आणि वर बोलणी खायचा.

"कडू कशाला हवाय तुला? पत्ते कुटत जागतोस म्हणून डोळे लाल झालेत. घरी जा आणि झोप."

आमच्या मोंगकॉक भागात काढ्याची दुकानं पैशाला पासरी. बाकी ठिकाणी नाणी टाकायची, वाडगा रिकामा करायचा, तोंड पुसायचं, चालू पडायचं. हे जीभ-प्रकरण फक्त आमच्याकडे. मी शेजारी तीस वर्षं पेपर विकतोय. आधी त्याही इतरांसारख्याच वाडगे भरून सरळ हातात द्यायच्या, ते मला आठवतं. मग कधीतरी ही बॅटरी आली. का आली ते विचारलं तर म्हणायच्या, "म्हातारी झाले, जरा टाइमपास." तेव्हा त्यांची चाळिशी नुकतीच उलटली होती. मी म्हटलं, बाईचा स्वभावच खवचट, दुसरं काय.

उंची माझ्या खांद्याला, केसांचा अंबाडा इतका घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. प्रकृती थंड. स्वतःचा कडू काढा त्यांनी हिवाळ्यात कधी तोंडाला लावला नाही, त्या आपल्या आल्याचं पाणी पिणार. सणवार नाही, सिनेमा नाही. वर्षात एकच चैन. थंडीत आपल्या शहराची आणि सीमेपलीकडच्या ग्वांगडाँग प्रांताची मॅच होते ना, तिला जायचं.

आता ही मॅच म्हणजे काय ते आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एक सामना तिकडे ग्वांगजौला, एक इकडे, दोन्हींचे गोल मिळून ज्याचे जास्त त्याचा कप. अर्ध्या गल्लीचे आजे-पणजे तिकडच्या डोंगरांत पुरलेले, बोली तीच, सूप तेच. म्हणून तर जिवाला लागतं. परक्याकडून हरलेला माणूस घरी येऊन जेवतो. चुलतभावाकडून हरलेला भरल्या ताटावरून उठतो.

लानताई त्या दिवशी दुपारीच दुकान बंद करायच्या. दोन तिकिटं, एक थर्मास. एक तिकीट स्वतःचं आणि दुसरं पूनचं.

पूनबद्दल सांगायला मला आता लाज वाटते, पण सांगतो. तेवीस वर्षांपूर्वी पून म्हणजे आपला सगळ्यात वेगवान फॉरवर्ड. त्या वर्षी इथल्या सामन्यात शेवटची पाच मिनिटं उरली असताना त्याच्यासमोर गोल सताड उघडा होता. गोलकीपर आडवा पडलेला. नुसता पाय लावायचा. आणि पूनचे गुडघे मऊ भातासारखे वाकले, तो बसला, चेंडू बाहेर गेला. कप गेला. त्यानंतर तो फार दिवस खेळला नाही. हल्ली मिनीबस चालवतो. पण दर वर्षी तो स्टेडियममध्ये येऊन बसला की लोक ओरडायचे, "लुळा पून आला रे." सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? माझा. पेपर विकून विकून घसा तयार झालेला. लानताई त्याच्या शेजारी का बसतात याचं मला नवल वाटायचं. मी म्हणायचो, दया येत असेल, बायकांना येते.

तर ते वर्ष. पाच वर्षं कप आपल्याकडे आला नव्हता. ग्वांगजौचा सामना एक-एक सुटला, तोही त्यांच्या गोलकीपरच्या जिवावर. याउ नावाचा, तिकडच्या मेइचौचा, हाक्का समाजातला गडी, दाराच्या चौकटीएवढा. आपले सात गोल त्याने हाताने, पायाने अडवले, एक तर तोंडाने. बदकं भाजून विकणारा साम, जो आमच्या गल्लीतला फुटबॉलचा महापंडित आहे, तो दुकानातल्या टीव्हीकडे सुरी रोखून म्हणाला होता, "हा एक माणूस आजारी पडला ना, तर कप आपला."

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो एक माणूस आमच्या गल्लीत आला. ग्वांगडाँगचं जाकीट, गळ्याला मफलर. त्यांचा सराव बाजूच्याच मैदानावर होता. मी लानताईंच्या दुकानात हात शेकत उभा होतो. बाहेर कुत्रंसुद्धा नव्हतं इतकी थंडी.

"मावशी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटक्या फटीतून आल्यासारखा आला. "घसा धरलाय. हॉटेलात दोन दिवस नुसतं तळलेलं खाल्लं. उष्णता झालीय. चोवीस मुळ्यांचा द्या. दोन वाडगे."

घसा धरला की कडू काढा, हे आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर पाजतात. पण त्याच्या मागोमाग दुसरंही पाजतात. अंगात थंडी भरलेल्याने कडू काढा प्यायला तर त्याचे पाय गळतात. खरं-खोटं तुमच्या डॉक्टरांना विचारा, आम्हाला विचारू नका.

"आधी जीभ," लानताई म्हणाल्या.

एवढा मोठा गडी, पण मुकाट्याने वाकला आणि जीभ काढली. मीही मान लांब करून बघितली. तीस वर्षं बघून मलाही थोडं कळतं. पांढरीफटक, वर सायीसारखा थर. उष्णता कसली, अंगात थंडी भरली होती. आणि हा स्वतःच्या तोंडाने कडू काढा मागत होता.

लानताईंनी बॅटरी बंद केली. "तुला कडू नाही देणार. आल्याचं पाणी करते तपकिरी साखर घालून. बस इथं. दहा मिनिटं लागतील."

मी त्यांच्या मागोमाग आत गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, "ताई, काय करताय? हा कोण आहे ठाऊक आहे ना?"

"टीव्हीवर बघितलाय."

"मग? आपण काही विष घालत नाही. तो स्वतः मागतोय. गिऱ्हाईक मागेल ते द्यावं."

"मी कधी दिलंय?" म्हणत त्यांनी आलं ठेचायला घेतलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच वर्षं. सामची कुरकुर, सीमेपलीकडून, शेन्झनहून येणाऱ्या मेव्हण्याचे टोमणे. मी बाहेर आलो. काउंटरवर वाडगे उपडे घातले होते. एक सरळ केला, पिंपाचा नळ सोडला आणि काठोकाठ भरून त्या गोलकीपरसमोर ठेवला. "ताईंनी पाठवलाय. आल्याचं येतंय, तोवर हे घ्या."

"धन्यवाद, काका," तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी वाडगा उचलला. आईने शिकवलेलं असणार, मोठ्यांनी दिलेलं दोन्ही हातांनी घ्यावं म्हणून.

वाडगा ओठाला लागणार तेवढ्यात लानताई बाहेर आल्या. पळाल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्याच्या हातातून वाडगा काढून घेतला आणि हसून म्हणाल्या, "हा माझा आहे, पोरा. तुझा आत उकळतोय." आणि तिथंच उभ्या राहून त्यांनी तो कडूजहर काढा एका दमात संपवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, त्यांना वाटलं असेल त्या गड्यानेच आपल्या हाताने भरून घेतला. मी सटकलो आणि पेपरांची चळत उगाच सरळ करत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दुकानाचं शटर खालीच. मी दुकानावरच्या त्यांच्या माळ्यावर गेलो तर त्या दोन गोधड्यांखाली पोट धरून पडलेल्या, ओठ निळसर.

"हे तिकीट पूनला नेऊन दे," त्या म्हणाल्या. "त्याला सांग, पोट बिघडलंय, मी येत नाही."

पस्तीस वर्षांत लानताईंनी इथला एकही सामना चुकवला नव्हता. नवरा गेला त्या वर्षीही दंडाला काळी फीत लावून गेल्या होत्या. मी तिकीट घेतलं, मिनीबसच्या थांब्यावर पूनच्या हातात कोंबलं, "पोट" एवढंच म्हणालो आणि पाय लावून पळालो.

सामना तुम्हाला काय सांगायचा. परत एक-एक. जादा वेळेत काही नाही. पेनल्टीवर गेला आणि याउने दोन अडवल्या. त्याच्या पायांना काय झालं होतं? काही नाही. मांजरासारखा उड्या मारत होता. मी खालच्या स्टँडमध्ये होतो. वर बघितलं तर पूनच्या बाजूची खुर्ची रिकामी. त्या दिवशी मी ओरडलो नाही.

इथवर ठीक होतं. पण तो याउ म्हणजे सरळ मनाचा माणूस. टीव्हीवाल्यांनी माइक पुढे केला तर भसाड्या पण उघडलेल्या आवाजात म्हणाला, "काल माझा घसा गेला होता. फुलबाजाराच्या मागे पेपरच्या स्टॉलशेजारी एक काढेवाली मावशी आहे, तिने आल्याचं पाणी दिलं. हा कप तिचाही आहे."

साध्या माणसाच्या आभाराने दुसऱ्याचं घर कसं बसतं ते मी त्या दिवशी बघितलं. दुसऱ्या दिवशी बदकवाल्या सामने सगळ्या गल्लीला सुनावलं, "बघा, आपल्यातली म्हणवते आणि त्यांच्या गोलकीपरला बरं करून पाठवते. वर लाजेने मॅचला आली नाही." कुणी ताईंना तोंडावर काही बोललं नाही. नुसते समोरच्या कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात जायला लागले. तिथं जीभ दाखवावी लागत नव्हती.

पिंप आधी पूर्ण भरायचं, मग अर्धं, मग त्याहून कमी. लानताई सकाळी लिंबाने तांबं घासून लखलखीत करायच्या आणि स्टुलावर बसून राहायच्या. एकदा सामचं पोर तापलं तेव्हा त्याची बायको मागच्या दाराने आली. ताईंनी पोराची जीभ बघितली, औषध दिलं, आणि मागच्याच दाराने जाऊ दिलं. मी शेजारी बसून सगळं बघत होतो आणि मूग गिळून गप्प होतो. खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं. पण मग ताईंचं दुकान नाही, माझा स्टॉल ओस पडला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. ताई रोज सकाळी माझ्याकडून पेपर घ्यायच्या, रोज विचारायच्या, "फुंग, जेवलास?" आणि मी म्हणायचो, हो. बारा महिने हे चाललं. चोर मोकळा फिरत होता आणि शिक्षा शेजारणीला.

वर्ष फिरलं. परत थंडी, परत सामना. त्या सकाळी माझ्या स्टॉलभोवती क्रीडापानावर तुटून पडलेली गर्दी होती. साम रक्ताळलेला एप्रन घालून आला आणि मोठ्याने म्हणाला, "काय ताई, या वर्षी कोण येणार आहे? त्यांच्या कोचला गुडघेदुखी आहे म्हणतात. लेप तयार ठेवलाय ना?"

सगळे हसले. ताई पिंप पुसत होत्या. हात थांबला नाही, पण अंबाड्याखालची मान लाल झालेली मला दिसली.

मला काय झालं माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. वर्षभर साठलं होतं.

"साम, तोंड आवर," मी म्हणालो. "त्या गोलकीपरला मी कडू काढा भरून दिला होता. ताईंच्या पाठीमागे. त्याच्या अंगात थंडी भरलीय हे बघून दिला होता, त्याचे पाय जावेत म्हणून. ताईंनी त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः प्यायल्या. म्हणून त्या मॅचला आल्या नाहीत. लाजेने नाही. पोटाने. माझ्यामुळे."

एक जण पेपर परत ठेवून निघून गेला. साम माझ्याकडे बघत राहिला. हातात सुरी असती तर काय केलं असतं कोण जाणे.

"म्हणजे तुझं कट-कारस्थान जमलं असतं तर कप आपल्याकडे असता," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"आणि तसला कप मी माझ्या दुकानात फोटो लावून मिरवला असता." तो थुंकला. माझ्यावर नाही, पण फार लांबही नाही. मग तो चार पावलं चालत गेला, त्या पिंपासमोर उभा राहिला, आणि गल्लीच्या भर गर्दीत आ करून जीभ बाहेर काढली.

ताईंनी खिशातून बॅटरी काढली. बराच वेळ बघितलं.

"बदक कमी खा," त्या म्हणाल्या, आणि शेवंतीचा वाडगा त्याच्यापुढे सरकवला.

त्याच्यामागे आणखी दोघं उभे राहिले. मग आणखी. मी माझ्या स्टॉलवर एकटा. ताईंनी दुपारी शटर ओढलं, थर्मास काखेला मारला आणि माझ्यापुढे येऊन एक तिकीट धरलं. "तीन काढली आहेत. चल."

रस्त्यात मी धीर करून म्हणालो, "ताई, मला तोंड नाही. पण तुम्हाला कळायला हवं होतं म्हणून..."

"मला त्याच दिवशी कळलं होतं."

मी थांबलो.

"वाडगा काठोकाठ होता. दुकानदार काठापर्यंत भरत नाही, गिऱ्हाइकाचे हात भाजतात. आणि दुकानात तूच होतास."

"मग मोरीत ओतायचा ना. प्यायलात कशाला?"

"ओतला असता तर त्याने विचारलं असतं, का ओतला. काय सांगायचं होतं पाहुण्याला? माझा शेजारी तुझे पाय मोडायला बसलाय म्हणून?"

"आणि वर्षभर? तुमचं दुकान बसत होतं, ताई. एक शब्द बोलला असतात तर..."

त्या चालत राहिल्या. लहान लहान पावलं, पण भराभर. "मी कुठल्या तोंडाने बोलणार होते? पूनने माझं नाव घेतलं नव्हतं."

मला अर्थ लागला नाही. तो त्यांनी स्टेडियमच्या फाटकापर्यंत सांगितला. तेवीस वर्षांपूर्वीची ती सकाळ. सामन्याचा दिवस, दुकानात ही गर्दी. पून घाईत आला, घसा खवखवतोय म्हणाला. ताईंनी तोंडही न बघता कडू काढा भरून दिला. त्याच्या अंगात थंडी होती. संध्याकाळी त्याचे गुडघे वाकले तेव्हा त्या स्टँडमध्ये बसल्या होत्या, आणि त्यांना कळलं.

"मी त्याच्या घरी गेले. म्हटलं, पेपरात सांगते, चूक माझी. तो म्हणाला, ताई, माझे पाय तर गेलेच. तुमचं दुकान कशाला घालवता? आणि मी गप्प बसले." त्या थांबल्या. "बॅटरी घेतली, तिकिटं काढली, पण बोलले नाही. माझी लाज आहे ती, फुंग. तू एका वर्षात बोललास."

पून आधीच येऊन बसला होता. टोपी कपाळावर ओढलेली. ताईंनी मला मधे बसवलं आणि थर्मास माझ्या मांडीवर ठेवला.

मी त्याच्याकडे वळलो. "पूनसाहेब, मी तुम्हाला वीसेक वर्षं शिव्या दिल्या."

"ऐकू यायच्या," तो म्हणाला. "तुमचा आवाज मोठा आहे."

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलंच. "लुळा पून आला रे." पाच-सहा जणांनी री ओढली. पूनने टोपी आणखी खाली घेतली, सवयीने.

लानताई उठल्या. खुर्चीवर चढल्या, कारण नाहीतर त्या कुणाला दिसल्याच नसत्या. आणि ज्या आवाजात त्या रांगेतल्या माणसाला पुढे बोलवायच्या त्याच आवाजात मागे तोंड करून म्हणाल्या, "त्याचे पाय लुळे नव्हते. त्या दिवशी त्याला काढा मी चुकीचा दिला होता. जीभ न बघता. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरडा. माझं नाव कुआन युक-लान, दुकान फुलबाजाराच्या मागे आहे."

ताई तशाच उभ्या, उतरत नव्हत्या. कुणीतरी ओरडावं म्हणून थांबल्या होत्या बहुतेक. कुणी ओरडलं नाही.

पूनने टोपी काढली. डोळे पुसले आणि त्यांची बाही ओढली.

"ताई, बसा आता. मागच्यांना दिसत नाही."

खाली शिट्टी वाजली. त्यांनी बसल्या बसल्या थर्मासकडे बोट केलं. मी झाकण उघडलं, आल्याची वाफ नाकात गेली. पूनसाठी कप भरला आणि काठाच्या बोटभर खाली थांबलो.